विंचू आपल्याच नांगीला भीत नाही

माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर पुंजाजी आबांचा. ते माझ्या मोठ्या बहिणीचे, सविताताईचे सासरे. मलकापूरच्या कडेला त्यांचा भाजीपाल्याचा मळा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या मळ्यालगतच्या गल्लीतल्या घरात, त्यांच्या पंगतीला बसून, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन तयार झाला. तो पदवीधर म्हणजे मी. दोन महिन्यांपूर्वी सकाळी ताईचा फोन आला. "आबा गेले रे... झोपेतच." आणि रडता रडताच म्हणाली, "नव्वदी ओलांडून गेले. जिंकले बाप्पा ते!" सासऱ्याच्या मरणाची बातमी सांगताना सून 'जिंकले' का म्हणते, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

ताईचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. मुळावरची मुलगी सासऱ्याच्या जिवावर येते, अशी समजूत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. रोहिणखेडजवळच्या आमच्या गावात ताईला पाहायला पाहुणे येत, पोहे खात, मुलगी पसंत आहे म्हणत, आणि पत्रिका उघडली की त्यांना एकदम परतीची एसटी आठवे. असे किती पाहुणे आले नि गेले! ताई शेवटी शेवटी पोह्यांत कांदासुद्धा कमी घालू लागली होती. "जाणारेच हायेत, कांदा काऊन नासवू?" असं ती आईला म्हणे, आणि हसे. ते हसू मला आवडत नसे.

आबा आले तेव्हा मी दहावीत होतो. त्यांच्याबरोबर मुलगा गजानन, म्हणजे आताचे आमचे भाऊजी, आणि त्यांच्या ओळखीचे एक जोशीबुवा. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोहे यायच्या आधीच सांगून टाकलं, "पोरगी मुळावरची हाय. मागून बोल नको." जोशीबुवा सज्जन माणूस. ते हळूच म्हणाले, "शास्त्रात आहे ते आहे, पुंजाजी. मुळाची देवता निर्ऋती, ती नाश करणारी. पुढं तुमची मर्जी." आबांनी पानाचा डबा बाजूला ठेवला.

"बुवा, माही रास कोणती?"

"वृश्चिक."

"नक्षत्र?"

"ज्येष्ठा."

"आन् मूळ आभायात कुठं असते?"

"पंचांगात ते धनू राशीत धरतात..."

"पंचांगातलं नाही, आभायातलं पुसून राह्यलो."

बुवा म्हणाले, "आभाळात म्हणाल, तर विंचवाच्या नांगीत."

"मंग झालं ना! ज्येष्ठा म्हणजे इच्चवाचं काळीज. मी काळीज, पोरगी नांगी. इच्चू आपल्याच नांगीले भेते काय?"

जोशीबुवांना हसू आवरेना. दाराआड आईनं पदर तोंडाला लावला. आणि आतून ताईचा आवाज आला, "आई, कांदा चिर वो अजून एक." त्या दिवशीचे पोहे मी अजून विसरलेलो नाही.

आबांनी पत्रिका खोटी असते असं कधीच म्हटलं नाही, हे मला पुढं शिकल्यावर विशेष वाटत राहिलं. त्यांचा तिच्यावर पुरता विश्वास होता. फक्त ती वाचताना माणूस बाहेर ढकलायचा की घरात घ्यायचा, एवढं ते स्वतः ठरवत.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. मळ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग हलवताना आबांना विंचू चावला. लाल विंचू. घामानं अंग ओलं, हातपाय गार. भाऊजींनी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. इकडे गल्लीभर एकच गोष्ट... मुळावरची सून, आणि सासऱ्याले चावलं काय, तर इच्चूच! त्याच दिवशी मी बापूंबरोबर ताईला भेटायला गेलो होतो. ताई ओसरीवर कपड्यांची थैली भरून बसली होती. "मी माहेरी जातो बापू," ती म्हणाली. "मी इथं राह्यली तं ते वाचणार नाहीत."  ती थैली एकदा आमच्या घरी परत आली असती, तर ताईच्या कपाळावरचं मूळ पुन्हा कधी पुसलं गेलं नसतं. हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली. डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलं होतं म्हणून आबा मागच्या बाकावर लांब झालेले, आणि ऊन लागू नये म्हणून भाऊजींनी त्यांच्या अंगावर पांढरी चादर टाकलेली. पाय तेवढे बाहेर. शेजारच्या नीराकाकूंनी ती चादर आणि ते पाय पाहिले आणि असा गळा काढला, की हातातलं काम टाकून अर्धी गल्ली धावली. कुणी म्हणालं बांबू आणा, कुणी म्हणालं आधी पाहुण्यांना निरोप पाठवा.  तेवढ्यात चादर हलली आणि आबा उठून बसले.

"कोण गेलं वो, नीरा?"

नीराकाकू हुंदके देतच म्हणाल्या, "तुम्हीच गेले ना आबा!"

"मले तं कोणी सांगतलं नाही."

गल्लीत जे हसू फुटलं, ते मला आजही ऐकू येतं. आबा मात्र हसले नाहीत. त्यांची नजर ओसरीवरच्या थैलीवर गेली होती. भाऊजींच्या खांद्याला धरून ते आले, थैली उचलली, स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सविता, मी जिता हाय तोवर तुह्यावर कोणी बोट उचलू शकत नाही. म्हून मी लई दिवस जगीन. आता चहा मांड."

हा शब्द त्यांनी फार मजेनं पाळला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते धुतलेलं धोतर नेसून बाजारात एक फेरी मारत. घ्यायचं काही नसे. कुणी विचारलं, "आबा, कुठं?" तर म्हणत, "हजेरी देऊन येतो." पाऊस असो, ताप असो, हजेरी चुकली नाही. नीराकाकूंच्या दारावरून जाताना मुद्दाम खोकत. आतून आवाज येई, "दिसले, दिसले! जा आता!"

बारावीनंतर माझं शिक्षण अडलं. गावात पुढची सोय नव्हती, आणि बहिणीच्या सासरी राहणं बापूंना पटत नव्हतं. आबा स्वतः येऊन घेऊन गेले. "नांगीचा भाऊ हाय, राहीन आमच्याकडं," एवढंच बोलले. मी सकाळी वाफ्यांना पाणी द्यायचो, मग कॉलेजला जायचो. ज्येष्ठ महिन्यात आभाळ मोकळं असलं की रात्रीच्या जेवणानंतर अंगणात बाजा पडत, आणि दक्षिणेला कपाशीच्या रानावर तो विंचू आडवा पसरलेला असे. पुढं अनुराधेच्या चांदण्यांचं डोकं, मग तांबूस ज्येष्ठा, मग खाली उतरून वर वळलेली शेपटी आणि टोकाला जवळजवळ बसलेल्या दोन चांदण्या. आबा बोट करून म्हणत, "थे मी. थे सविता. किती दूर हाय पाय, पन एकाच अंगात." वृश्चिकेचा स्वामी मंगळ, या राशीची माणसं डूख धरतात, असं मी एकदा वाचून दाखवलं. "मी डूख धरतो?" ते चकित झाले. "सकाळी कोणाशी भांडलो थे दुपारी मले आठवत नाही बे!" दुसऱ्यांदा मी ग्रीक लोकांची गोष्ट सांगितली. एक बलाढ्य शिकारी होता, त्याला विंचवानं मारलं, म्हणून दोघं आकाशात कधी एकत्र दिसत नाहीत, एक उगवला की दुसरा मावळतो. आबा म्हणाले, "म्हणजे तिकडंही दोष इच्चवावरच टाकला... शिकारी कायले गेला होता पऱ्हाट्या हलवाले?"

मी बी.ए. झालो त्या दिवशी हजेरीला ते मला बरोबर घेऊन गेले. त्या फेरीत त्यांच्या जिवंतपणाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, एवढे ते माझ्याबद्दल बोलत होते.

मी आता नाशिकला असतो. यंदा मला मुलगी झाली. मूळ नक्षत्रावर. दवाखान्यात नक्षत्र कळताच आई एकदम गप्प झाली, सासूबाई शांतीचं बघू लागल्या. मी आबांना पत्र लिहिलं, कारण त्यांना फोनवर ऐकू येत नव्हतं. ताईनं ते वाचून दाखवलं आणि त्यांचं उत्तर मला कळवलं, "अनुराधा नाव ठेव म्हणा. काळीज हाय, दोन-दोन नांग्या झाल्या. इच्चवाले डोस्कं कमी होतं."

अंत्ययात्रेला मी पोचलो तेव्हा नीराकाकू, आता काठी टेकत, ताईजवळ आल्या.  त्यांनी ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, तुह्या मुळानं लईच उशीर केला वो!" आणि त्या रडत्या अंगणात पुन्हा एकदा तेच जुनं हसू फुटलं.

परवा ताईनं आबांच्या बंडीचा खिसा रिकामा केला. माझं पत्र त्यात होतं, घडीवर झिजलेलं. रोज हजेरीला जाताना ते पत्र खिशात असे आणि भेटेल त्याला ते काढून दाखवत, असं भाऊजी म्हणाले. धुतलेलं धोतर अजून दोरीवर आहे. ताईनं ते काढलेलं नाही. ते पत्र असं :

'तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.
मुलगी झाली. मूळ नक्षत्र आहे. इथं सगळे गप्प आहेत, मी मात्र पेढे वाटून आलो. तुम्ही इथं असता तर आधी बाजारात गेला असता, हे आठवलं. आमच्या गच्चीवरून विंचू दिसतो, पण समोरच्या इमारतीआड त्याची नांगी जाते. पुरा विंचू तुमच्याच अंगणातून दिसतो. पोरीला चालता आलं की तिला घेऊन येतो. तिची पहिली हजेरी तुमचं बोट धरून व्हावी, एवढी इच्छा आहे. पुढं कधी कुणी पत्रिका उघडून तिच्याकडून तोंड फिरवलं, तर मी काय करायचं ते मला ठाऊक आहे. ते मी तुमच्याकडून शिकलो. तिच्यावर थैली भरायची वेळ आली, तर ती थैली मी माझ्या हातानं अडकवीन. आमच्या घरातही एक खुंटी आहे.
आपला,
नांगीचा भाऊ'