‘वादग्रस्त’ पेनल्टी

खतांच्या दुकानापुढून जाताना तो नाकाला झोंबणारा वास आला की मला गंगाखेडची ती सकाळ आठवते. आदल्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आमच्या क्लबानं शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी साधली होती आणि चषक दोन्ही क्लबांना विभागून दिला होता. सकाळी पेपरात आलं, ‘वादग्रस्त पेनल्टीमुळे सामना बरोबरीत’. ही बातमी देणारा गावातला वार्ताहर कायम आमच्या विरोधात लिहितो, याची आम्हाला खात्रीच होती. पोटापाण्यासाठी तो चालवत असलेलं खताचं दुकान उघडताच आम्ही दहाबारा जण आत घुसलो आणि आमच्या कप्तानानं त्याची कॉलर धरली. “वादग्रस्त कामून लिव्हलं? त्यांच्या गड्यानं सरळ पाय घातला की!” तेवढ्यात दुसऱ्या क्लबाची माणसं तोच पेपर घेऊन दारात आली. “नुसतं वादग्रस्त?” त्यांचा गोलकीपर ओरडला, “चोरीची पेनल्टी हाय म्हणून लिवायला काय झालतं?” पोत्यांमधल्या अरुंद वाटेत दोन्ही बाजू छातीला छाती लावून उभ्या राहिल्या. कुणीतरी फावड्याचा दांडा उचलला. वार्ताहरानं कॉलर सोडवायची धडपड केली नाही, आवाजही चढवला नाही. “तुमी दोघं मिळून एक शब्द सांगा,” तो म्हणाला, “उद्या तोच छापतो.” दोन्ही कप्तानांना पटेल असा शब्द काही सापडेना. हळूहळू कॉलरवरचा हात सुटला, दांडा खाली गेला आणि आम्ही बाहेर पडलो. इतक्या वर्षांनी त्या माणसाबद्दल माझ्या मनात काडीचाही राग उरलेला नाही. पेनल्टी मात्र बरोबरच होती.