पानी सांगल

होडी सोडण्याआधी हिराजीकाका शर्टाची उजवी बाही दुमडून काठावर उकिडवे बसत आणि कोपरापर्यंत हात नदीत घालून डोळे मिटत. आम्ही सहा-सात जण मागे जांभया देत उभे. कोणी घाई केली, की डोळे न उघडताच म्हणत, "मी कोन सांगनार? पानी सांगल."

बदलापूरच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीच्या वळणावर काकांची जुनी लाकडी होडी असे. पावसाळ्यात नदीच्या वाटेला जायची सोय नाही. दसऱ्यानंतर पाणी निवळलं, की काका होडी उतरवत आणि रविवारी सकाळी आम्हाला बंधाऱ्यापर्यंत नेऊन आणत. थंडी पडली की बंद. पुढे पाणी संथ होऊन जलपर्णी साचते, मग विचारच नको. जेमतेम दोन महिन्यांचा हंगाम, आणि तो संपवायचा कधी यावरून दर वर्षी वादावादी.

काकांचा हिशोब मला आधी खुळचट वाटला होता. पाणी हाताला गार लागतंय तोवर होडी चालू. ज्या सकाळी ते कोमट लागेल त्या सकाळी बंद. मी म्हटलं, "काका, हे उलटं नाही का?" तर म्हणाले, "तू हात घालून बघ ना गो. तोंडानं कशाला बोलतंस?" डिसेंबरात एकदा घातला, तेव्हा पटलं. हवा नदीपेक्षा गार झाली, की पाणी खरंच उबदार लागतं. मग त्यावर धुकं धरतं आणि होडीचं पुढचं टोकही दिसत नाही.

मी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. सहा दिवस मला कोणी ना कोणी हाका मारत असतं. होडीत कोणी हाक मारत नसे, म्हणून मी जात होते. निसर्गप्रेम वगैरे मला फारसं नाही. बाकीचेही माझ्यासारखेच, कुठून तरी थकून आलेले. उल्हासनगरातच कॅम्प एकमध्ये कापडाचं दुकान असलेले लछूशेठ होते, आणि शाळेतून निवृत्त झालेले, छातीने नाजूक असे कांबळे गुरुजी होते. हंगाम संपत आला, की लछूशेठ लहान मुलासारखे मागे लागत, "काका, बस एक संडे और. प्लीज."

एका वर्षी काकांनी ऐकलं. पाणी कोमट लागलं होतं, तसं त्यांनी सांगितलंही होतं. पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना भरीला पाडलं. धुक्यात होडी बंधाऱ्याजवळच्या खडकावर आदळली आणि गुरुजी पाण्यात पडले. काकांनी उडी मारून त्यांना बाहेर काढलं, पण गुरुजींना न्यूमोनिया झाला. ते पंधरा दिवस आमच्याच दवाखान्यात होते. काका रोज येऊन वॉर्डाच्या दाराशी उभे राहत, आत येत नसत. गुरुजी म्हणाले, "अहो हिराजी, चूक आमची आहे." काका म्हणाले, "होरी माझी हाय ना?" त्यानंतर त्यांनी पाण्यापुढे कोणाचंही चालू दिलं नाही.

त्यांच्या भाताच्या शेतावर आता सात मजली इमारत उभी आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर काका मुलाकडे राहत. सून चांगली होती. "आता पुरे झालं बाबा, घरी बसा," असं ती म्हणे. काका मला सांगत, "घरी बसून काय करू? भिंतीला वल्हं मारू?"

मागच्या दिवाळीनंतर मला काहीतरी खटकू लागलं. काका मध्येच वल्हं थांबवून दाखवत, "तो बघा बगला." सगळे बगळा बघत, मी काकांकडे बघे. बगळा उडून गेला तरी त्यांचा श्वास खाली बसत नसे. पाय सुजलेले होते. दोनदा मी हळूच म्हटलं, "काका, डॉक्टरांना दाखवू या." त्यांनी हसून विषय संपवला, "बाय, आज तुजी सुट्टी हाय ना? मंग रहा ना सुट्टीवर." मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. अजून एक पेशंट सांभाळायची ताकद माझ्यात नव्हती. याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरच्या रविवारी चांगलं ऊन आलं होतं. लछूशेठ अर्ध्या बाहीच्या शर्टात होते. काकांनी हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "पानी गरम लागतंय. बस झाली या वर्साला."

"क्या काका! घर में अभी तक पंखा चालू है!" लछूशेठ हसले. बाकीचेही कुरकुरू लागले. काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हिला विचारा. बाय, घाल हात."

मी बाही वर केली आणि हात घातला. पाणी गार होतं, चांगलं झिणझिण्या आणणारं. माझ्या शेजारी काका उकिडवे बसले होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"गरम आहे," मी म्हटलं.

मग कोणी वाद घातला नाही. दर वर्षी काका एकटे खांदा लावून होडी काठावर पालथी घालत आणि कोणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी ते बाजूच्या दगडावर बसून राहिले आणि होडी आम्ही ओढली.

माघात काका गेले. त्याआधी एकदा मी त्यांना भेटायला गेले होते. पलंगावर उशांना टेकून बसले होते. सून चहा ठेवायला आत गेली तशी हळूच म्हणाले, "बाय, त्या दिवशी पानी गार होतं."

"माहीत आहे, काका."

"मंग बोलली का नाय?"

"मीही दमले होते," मी म्हटलं.

काका हसले, हसता हसता खोकले. मग उजवा हात पुढे करून म्हणाले, "बघ गो, आता कसा लागतोय?"

मी तो हातात घेतला. गार होता. या वेळी मी खरं सांगितलं आणि सून चहा घेऊन येईपर्यंत तो चोळत बसले.