नापास झालेले हात

सव्वीस वर्षं लोकांच्या पाठी रगडून अक्काच्या अंगठ्यांना घट्टे पडले होते. त्या घट्ट्यांचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. त्यामुळे मालिशचा परवाना टिकवायचा तर दर तीन वर्षांनी वीस तास वर्गात बसा आणि वर परीक्षा द्या, हा नियम आला तेव्हा तिचं डोकंच फिरलं. नियम करणाऱ्यांनी कधी तेलात हात घातलाय का, असं तिने भर वर्गात उभं राहून विचारलं. सगळे हसले, शिकवणाऱ्या बाई सोडून.

परीक्षेला त्याच बाई टेबलावर पालथ्या झोपल्या. अक्काने चादर सारखी केली, तळहात चोळून ऊब आणली आणि कामाला लागली. पाच मिनिटांत खांद्यातली गाठ सापडली. बाई उठून बसल्या. हात सोन्यासारखा आहे म्हणाल्या, पण नापास.

"काय होतंय, कुठे हात लावायचा नाही, एका शब्दाने विचारलं नाहीत मला."

"माझ्या हातांना कळतं."

"सगळं नाही कळत, अक्का."

दहा दिवसांनी शेवटची संधी होती. ती हुकली की परवाना जाणार, आणि मालिश केंद्रातलं खिडकीजवळचं तिचं टेबल दुसरीला मिळणार. लेकीने गिऱ्हाइकाला विचारायच्या प्रश्नांचा कागद कपाटाच्या दाराला चिकटवला आणि भाजी चिरता चिरता ते आईकडून म्हणवून घेत ती तिला छळू लागली.

चौथ्या दिवशी म्हातारा शिंपी आला. तिचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. डावी पोटरी धरलीय, जरा जोर लावून दाब, म्हणाला. एरवी तिने लगेच अंगठा रोवला असता. पण पाठांतर तरी होईल म्हणून तिने एका दमात सगळे प्रश्न म्हणून टाकले. घोटा मुरगळल्यामुळे आठ दिवस अंथरुणावरच होतो, असं तो सहज बोलून गेला.

अक्काने दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. डावी सुजलेली होती. हाताची मागची बाजू टेकवली, तर गरम. अशा पायात रक्ताची गुठळी असू शकते, दाबली तर सुटून फुप्फुसात जाते, हे वर्गात तिने जांभया देत ऐकलं होतं.

"एकदा नापास काय झालीस, हातच गेला का गं तुझा?" शिंपी म्हणाला.

हे तिला झोंबलं. पण अंगठे तिने पदरात गुंडाळून घेतले. "गेला समजा. या पायाला मी बोट लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही लावू देऊ नका." गाडी बोलावून तिने त्याला थेट इस्पितळात धाडलं.

संध्याकाळी त्याच्या सुनेचा फोन आला. गुठळीच निघाली होती, वेळेवर आलात म्हणाले डॉक्टर. फोन ठेवल्यावर अक्का बराच वेळ आपल्या घट्ट्यांकडे बघत बसली. सव्वीस वर्षांत न विचारता किती पोटऱ्या दाबल्या, ते तिला आठवेना.

दहाव्या दिवशी बाई पुन्हा टेबलावर झोपल्या. अक्का प्रश्नांवर प्रश्न विचारत राहिली. शेवटी बाईच कंटाळल्या आणि आता सुरू करा म्हणाल्या.

"अजून दोन राहिलेत," अक्का म्हणाली. "घाई असेल तर उठा."