डिकीवरचे दोन तळवे

घाटातल्या वळणावर माझ्या गाडीची मागची बाजू बाहेर फेकल्यासारखी व्हायची. टायरवाल्याशी मी त्यावरून भांडूनही आलो होतो. मागे बसलेली आई दोन्ही हातांनी कडी धरून असायची आणि उतरल्यावर म्हणायची, "पुढच्या वेळी मी एसटीनं येईन."

गॅरेजवाल्या बशीरभाईंनी बॉनेट उघडलंच नाही. ते मागे गेले, डिकीवर दोन्ही तळवे ठेवून त्यांनी गाडी खाली दाबली आणि सोडली. ती तीन-चारदा डुलली. "साहेब, मागचे शॉकअप गेलेत. चाक रस्ता सोडतंय." नवे बसवल्यावर त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. गाडी एकदाच वर आली आणि गप्प उभी राहिली.

चाकामागच्या त्या काळ्या नळकांड्यांचं मला फार कौतुक वाटलं. वळणाचं सगळं श्रेय आपण पुढच्या चाकांना आणि स्वतःच्या हातांना देतो. मागे राहून प्रत्येक धक्का जिरवायचा आणि चाकाला रस्ता सोडू द्यायचा नाही, हे काम कुणाला दिसतसुद्धा नाही.

परवा त्याच वळणावर मी आरशात पाहिलं. आईनं कडी धरलेली नव्हती. ती शेंगा सोलत होती.