वाढत्या पायांचे बूट

समता कॉलोनीतल्या दोन खोल्यांत मी वाकड्या किंवा अशक्त पायांच्या मुलांसाठी मापाचे बूट बनवते. मी आणि एक कारागीर. माझी पद्धत मला फार शहाणपणाची वाटायची: महिनाभराची मापं जमवायची, सगळं चामडं एकदम कापायचं, मग सगळी शिलाई. अस्तरही पंडरीच्या कापडबाजारातून एकदमच आणायचं.

सासरे रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि घरी करमेना म्हणून माझ्याकडे येऊन बसू लागले. नोकरीच्या शेवटी त्यांना तिथे 'लीन', म्हणजे वेळ आणि माल वाया न घालवता काम करायची पद्धत, शिकवलं होतं. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातले डबेसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटले नव्हते.

त्याच सुमारास एक आई लेकीला घेऊन बूट न्यायला आली. पोरगी पाचेक वर्षांची, भिंत धरून चालणारी. नवेकोरे बूट तिच्या पायात जाईनात.

"दीदी, ये तो छोटे हो गए," आई म्हणाली.

माप चुकलं नव्हतं. बूट तयार होईपर्यंत पाय वाढला होता. पोरगी बूट छातीशी धरून बसली, सोडेचना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा माप घेऊन त्यांना पाठवलं.

सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, हा जोड बनवाले किती वेळ लागते?"

"दोन दिवस."

"मग बाकीचे दिवस तो काय करून राहिला होता?"

मी चिडलेच. "बाबा, तुमच्या कारखान्यात सगळी चाकं सारखी. माझ्याकडे एका पोरीचे दोन पायसुद्धा सारखे नसतात!"

"मग ढीग काहून लावते? एका लेकराचा जोड हाती घे, पुरा कर, मग दुसरा."

त्यांनी साचे, सुया, दोरे कामाच्या क्रमानं हाताशी लावून दिले. अस्तर थोडं थोडं आणू लागले. सारखं काम बदलून कारागीर वैतागला, मीही कुरकुरले. पण पोरीचे बूट त्याच आठवड्यात तिच्या पायात गेले.

पावसाळा संपल्यावर ती पुढच्या मापाला आली. माझ्याकडे परत येणारे बूट एरवी आखूड झालेले असत, पण तळ जवळजवळ कोरे. हिच्या बुटांचे तळ पार झिजले होते, पुढचं चामडं फाटलं होतं.

आई ओशाळली. "क्या करूँ दीदी, दिन भर दौड़ती रहती है."

मी ते फाटके बूट सासऱ्यांच्या हातात दिले आणि सगळ्यांसमोर रडले.