बोटांनी सांगितलेला भाव

ती तक्रार आजही जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात चोरीला काहीच गेले नव्हते.

तेव्हा मी जळगावात सायबर गुन्हे पाहत होते. धरणगावकडचा एक केळीचा व्यापारी मोबाईल घेऊन आला. त्याने कधीकाळी केळीच्या धंद्याला शोभेल असे एक वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, नोंदवून ठेवले होते. आता पुण्याच्या एका कंपनीला ते हवे होते. ती दोन लाख देत होती. हा होकार देणार, तोच एका अनोळखी खरेदीदाराची मेल आली, तीन लाख दहा हजारांची. मग दुसरी, चार लाखांची. पैसे मात्र येईनात. कंपनीने उद्यापर्यंतच मुदत दिली होती.

“मॅडम, हाई मेल खरी शे का खोटी, तेवढं सांगा. कंपनीले नाही म्हनू का हो म्हनू?”

मेल कुठून आली ते अधिकृतपणे मागवायचे तर पत्रव्यवहारात आठवडे जातात. म्हणून मी मेल सोडून माणसाकडे वळले.

“तुम्ही मनात किती धरले होते?”

“तीन लाख.”

पहिली मेल नेमकी त्याच्या जराशी वर होती. “हा आकडा कोणाकोणाला सांगितला?”

“कोनलेच नही. तोंडातून काढाच नही.”

“आणि बोटांतून?”

त्याने खांद्यावरच्या गमछ्याकडे पाहिले. त्याचे वडील आणि चुलते गुरांच्या बाजारातले दलाल. रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगायचा, बोलायचा नाही, ही घरचीच सवय. थोरल्या चुलतभावाने विचारले, तेव्हा याने त्याच सवयीने गमछ्याखाली तीन बोटे दाबली होती.

चुलतभाऊ अजून म्हशींची दलाली करत होता. त्याला बोलावले. चहा दिला, बाजाराच्या गप्पा मारल्या. मग सहज खोटेच सांगितले, “तुमच्या भावाचे नशीब उघडले. त्या खरेदीदाराची आत्ताच मेल आली, पाच लाखांची.”

“पाच? पाच कसं व्हई? चारनंतर तं मी...”

कप तोंडाशीच राहिला.

“बोला, भाऊ. चारनंतर तुम्ही काय?”

“मी धाडीच नही,” तो म्हणाला. मग एकदम उसळला. “जल्मभर गोठ्यात राबनू मी. आनि याले नुसत्या नावाचे दोन लाख? ते नाव चारा खास नही, दूध देस नही!”

“कंपनी निघून गेली असती तर तुम्हाला काय मिळाले असते?”

“मले काय भेटनार? त्याले भेटाले नको व्हतं.”

थोरल्याला बाहेर बसवल्यावर धाकट्याने, म्हणजे व्यापाऱ्याने, माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला. तीन मागावेत की दोनच, असे त्याने मला खुणेने विचारले. मी म्हटले, “समोर खरे गिऱ्हाईक एकच आहे. तुमच्या मनातला आकडा विसरा.” त्याने अडीच मागितले, थोडी घासाघीस झाली आणि सौदा ठरला. गुन्हा नोंदवायला तो तयार होईना. घरातली गोष्ट, म्हणाला. दोघांचे जबाब घेऊन, थोरल्याला सक्त ताकीद देऊन मी प्रकरण मिटवले.

लोभी गुन्हेगार सोपा असतो. पैशामागे चालत गेले की सापडतो. मत्सरी माणसाकडे पैसा जातच नाही, त्यामुळे फायदा कोणाचा हे विचारून उपयोग नसतो. दुसऱ्याचा फायदा कोणाला सोसत नाही, हे विचारावे लागते. नोकरी सोडेपर्यंत मी तसेच विचारत आले.

त्या दिवशी जबाबावर सही करून थोरला दारापर्यंत गेला, भाऊ पुढे गेल्याची खात्री केली आणि परत माझ्या टेबलाशी आला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “शेवटी ते नाव कितलामा गयं?”