कुसुमताईंचं तीन मजली तोंड

कुसुमताई भोयर इतवारीत मुरमुरे विकतात. माहेर कुहीकडचं. लग्न होऊन नागपुरात आल्या आणि पोरं शाळेत जायला लागली तेव्हापासून जुन्या दगडी धर्मशाळेच्या भिंतीला लागून त्यांचा ठेला होता. मुरमुरे, फुटाणे, सांगितलं तर कच्चा चिवडा. हसू मात्र त्या कोणाला देत नसत. कोणी चाखायला फुटाणा उचलला, की त्या अशा बघत की तो बिचारा पापक्षालन म्हणून पावभर घेऊन जाई. यजमान नत्थूजी कळमेश्वरला कारखान्यात होते. निवृत्त झाल्यापासून ते घरी खाटेवर पूर्णवेळ रुजू आहेत.

शहरात परदेशी पाहुणे यायचे ठरले आणि भिंती रंगवायची टूम निघाली. उड्डाणपुलाच्या खांबांवर वाघ चढले, शाळांवर फुलपाखरं बसली. धर्मशाळेच्या वाट्याला रितिका आली. चित्रकलेचा कोर्स नुकताच संपवलेली, केसांत ब्रश खोचलेली पोरगी. सुशोभीकरणवाल्या संस्थेने तिला ‘श्रमणारी माता’ असा विषय दिला होता. माता शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

“काकू, तुमच्या चेहऱ्यावर अख्खी इतवारी आहे,” मोबाइलवर फोटो काढत ती म्हणाली.

“धूळ होय ते,” कुसुमताई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

परांची बांधली गेली. तीन मजली भिंतीवर आधी कपाळ आलं, मग डोळे, मग नाक, आणि नाकात ही मोठी मोत्याची नथ. कुसुमताईंनी रितिकाला खाली बोलावलं.

“हे नथ कोणाची वं?”

“काकू, ती संस्कृतीसाठी आहे.”

“मंग संस्कृतीच्या नाकात घाल. माह्या नाकात बारकी सोन्याची लवंग हाय. आन् मी हसून काहून राहिली?”

“संस्थेने सांगितलं, माता आनंदी पाहिजे.”

नत्थूजी खाटेवरून उठून खास बघायला आले. बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, “चांगली हाय. बोलत नाई.”

चित्राचा एक उपयोग लगेच झाला. धर्मशाळेच्या कोपऱ्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या लघवीला उभी राहत, ती थांबली. वरून बाई बघत असली की धार लागत नाही, असं एका हमालाने प्रामाणिकपणे सांगितलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि कुसुमताईंचा ठेला उचलून घेऊन गेली. पाहुण्यांना चित्र मोकळं दिसायला पाहिजे होतं ना. दुसऱ्या दिवशी त्या जाब विचारायला गेल्या, तर मांडवाच्या दाराशी गार्डने अडवलं.

“पास आहे का?”

“वर पाय,” कुसुमताई म्हणाल्या.

गार्डने वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. “त्या बाईले नथ हाय,” तो म्हणाला, आणि त्यांना बाजूला केलं.

मग बाहेरच्या भांड्यांच्या दुकानात उभ्या राहून त्यांनी भाषण ऐकलं. रस्त्यावर घाम गाळणाऱ्या मातेचा सन्मान झाला, असं माइकवर कोणी सांगत होतं. माता तेव्हा गंज-पातेल्यांच्या आणि परातींच्या मध्ये उभी राहून घाम गाळत होती.

ठेला त्यांनी गोदामातून सोडवून आणला, पण लावायला जागा राहिली नाही. कुठेही उभा केला की गाडी येई. चित्र बघायला येणारी मंडळी फोटो काढत आणि समोर हल्दीराम शोधत निघून जात.

काही महिन्यांनी वेगळंच निघालं. धर्मशाळा वारसा इमारतींच्या यादीत होती आणि परवानगी कोणी घेतलीच नव्हती. दगडावर प्लास्टिकसारखा रंग बसला की आतली ओल बाहेर पडत नाही, दगड सोलून निघतो. चित्र काढा, असा हुकूम आला. लगेच ‘माता वाचवा’ म्हणत मेणबत्त्या निघाल्या. रितिका रडवेल्या तोंडाने घरी आली.

“काकू, तुम्ही मोर्चात सगळ्यात पुढे पाहिजे.”

“माहा ठेला उचलला तवा मेणबत्त्या कोठी होत्या?”

कुसुमताईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. “तुह्यावर राग नाई वं पोरी. पण मले भिंतीच्या खाली जागा पाहिजे होती. तुमी वर देली.”

भिंतीभोवती पत्रे लागले, हिरवी जाळी चढली. काम सुशील नावाच्या माणसाकडे होतं. जुने दगड साफ करायची त्याची टोळी होती. तारेचा ब्रश चालत नाही म्हणून ते रंगावर औषधाचा लेप द्यायचे आणि तो फुगला की लाकडी पट्टीने हलकेच खरवडायचे. टोळीला भूक लागायची. जवळ ठेला लावू का, हे कुसुमताई विचारायला गेल्या आणि सुशीलने ठेला सरळ पत्र्यांच्या आत घ्यायला सांगितलं.

अतिक्रमणवाले आलेच. “काकू, ठेला काढा.”

“पाटी वाच गा.”

पत्र्यावर लिहिलं होतं, ‘वारसा संवर्धनाचे काम चालू. विनापरवाना प्रवेश बंद.’ त्यांच्या साहेबाने पाटी वाचली, मग सुशीलकडे पाहिलं. सुशीलने फुटाणे चावत खांदे उडवले. साहेब निघून गेला. इतक्या वर्षांत कुसुमताईंचा धंदा पहिल्यांदाच कायद्याच्या आत आला होता, आणि तोही त्यांचं तोंड खरवडण्याच्या कृपेने. त्या वर बघून ओरडायच्या, “नाक सावकाश काढ गा, घाई नाई.”

नथ गेली तेव्हा त्यांनी कारागिरांना चिवडा फुकट दिला. हनुवटी गेली, हसू गेलं. एक डोळा गेला त्या दिवशी मात्र त्यांचं वजन करताना दोनदा चुकलं. रितिका आली होती. रिकाम्या डब्यांवर बसून दोघी वर बघत राहिल्या.

“वाईट वाटतं का, काकू?” रितिकाने विचारलं.

“वाटून राहिलं,” त्या म्हणाल्या. “माहं नाई ते तोंड, तरी वाटून राहिलं.” मग म्हणाल्या, “तुले किती मेहनत पडली असंन.”

त्यावर रितिका रडली. कुसुमताईंनी तिला रडू दिलं आणि मधल्या वेळात दोन गिऱ्हाइकं केली. मग वर बोट दाखवून म्हणाल्या, “पाय, इतवारीले डोळा मारून राहिली मी.” तेव्हा कुठे पोरगी हसली.

काम संपलं. पत्रे उतरले तसा ठेल्यालाही उठावं लागलं. पण तोवर सुशीलच्या टोळीला कुसुमताईंच्या चिवड्याची सवय लागली होती. पुढचं काम महाल भागात एका जुन्या दरवाज्याचं निघालं. त्यावरचा ऑइलपेंट आणि पुढाऱ्यांची पोस्टरं काढायची होती. तिथे पत्रे लागले त्याच सकाळी आत ठेलाही लागला. त्यानंतर दोन जागा झाल्या. आता कोणत्या इमारतीला काय चिकटलं आहे, याची चौकशी कुसुमताई स्वतःच करत असतात.

इतवारीतलं जुनं गिऱ्हाईक शोधत तिथेही पोचतं. आत यायची परवानगी नसते म्हणून पत्र्याच्या फटीतून हात येतो. आतून कुसुमताई विचारतात, “कोण होय गा? पास हाय का?”